खापर यंत्राच्या माथी

आमच्या गावाचं नाव खापर. त्यामुळे 'खापर फोडणे' यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत, नवीन असेल तरच कळवा. पण आजचा विषय खरोखरच खापर फोडण्याचा आहे.

झालं असं, की अमेरिकेतल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मित्राची मोटरबोट, सुकाणूवर कुणाचाच हात नाही आणि बोट आपली सरळ चाललीय. ऑटोपायलट! खाली यच्चयावत नातेवाइकांचे अंगठे. मी विचारलं, हे बिघडलं तर? उत्तर आलं, "मामा, ते बिघडत नाही."

बाळा, बिघडत नाही असं यंत्र अजून जन्माला यायचंय.

ऑटोपायलट म्हणजे काय ते आधी बघू. एक होकायंत्र दिशा सांगतं, एक छोटा संगणक ती ठरवलेल्या दिशेशी ताडून बघतो आणि एक मोटर किंवा तेलाचा पंप सुकाणू हलवतो. सुकाणू किती वळलं हे सांगणारा आणखी एक सेन्सर असतो. बस, एवढंच. आता त्या होकायंत्राशेजारी कुणी गाण्याचा स्पीकर ठेवला किंवा लोखंडी पाना विसरला, की त्याची उत्तर दिशा सरकली. सुकाणूच्या सेन्सरची दांडी निसटली, की संगणकाला वाटतं सुकाणू वळलंच नाही, म्हणून तो वळवतच राहतो आणि बोट एकदम कडेला झेपावते. बॅटरी उतरली तर तो मध्येच झोपतो. आणि हे सगळं ठणठणीत असलं तरी त्याला डोळे नाहीतच. समोर होडी आहे, ओंडका आहे की पोहणारं पोर आहे, त्याला काही फरक पडत नाही.

मोठ्या जहाजांचीही यातून सुटका नाही. १९९५ च्या जूनमध्ये 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालं होतं. जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली, यंत्र अंदाजाने जागा दाखवत राहिलं आणि ऑटोपायलट त्या अंदाजावर इमानेइतबारे जहाज हाकत राहिला. चौतीस तासांहून जास्त वेळ कुणाच्याच ध्यानात आलं नाही. शेवटी नँटकेट बेटाजवळ जहाज वाळूत रुतलं तेव्हा कळलं, की आपण सतरा मैल बाजूला आलोय. नशीब, माणसं वाचली. मला विचाराल तर केबल निसटणं हा गुन्हा नाही. चौतीस तास कुणी खिडकीबाहेर बघून ताडून पाहिलं नाही, हा आहे.

आता घरचं उदाहरण. १८ डिसेंबर २०२४. गेटवेहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल'. एका प्रवाशाने घेतलेला तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. नौदलाची स्पीडबोट पाण्यात वळणं घेते आणि मग सरळ नीलकमलवर येऊन आदळते. पंधरा माणसं गेली, त्यात स्पीडबोटीवरचीही होती. नौदलाने सांगितलं, इंजिनाची चाचणी चालू होती, बिघाड झाला आणि नियंत्रण सुटलं.

'नियंत्रण सुटलं.' या वाक्यात कर्ता कुठाय? सहलीच्या होड्यांची एवढी ये-जा असलेल्या बंदरात, भर दुपारी वेगाची चाचणी घ्यायची हे इंजिनाने ठरवलं नव्हतं. चाचणी म्हणजेच बिघाड होऊ शकतो ही कबुली. मग बिघडलं तर बोट जाईल कुठे, याचा विचार आधी नको? त्यानंतर चर्चा झाली ती लाइफ जॅकेटची आणि जास्त भरलेल्या प्रवाशांची. दोन्ही गोष्टी रास्तच. पण जॅकेट उपयोगी पडतं ते पाण्यात पडल्यावर. बोट अंगावर येऊ नये म्हणून काय करणार, ते सांगा ना!

"पण खापरला कुठे समुद्र?" असं कुणीतरी म्हणणारच. नाही बाबा. पण आमच्याच अक्कलकुवा तालुक्याची उत्तर हद्द नर्मदा आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे मणिबेलीपासून वरच्या कितीतरी गावांना बोट हाच रस्ता झाला. दवाखानासुद्धा तिथे तरंगता आहे. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथे पूजेला निघालेल्या लोकांची बोट उलटली आणि लहान मुलं गेली. तिथे दोष गर्दीचा होता, सुकाणूचा नव्हे, हे मान्य. पण गच्च भरलेली बोट वळताना जास्त कलते, ओझ्याने उशिरा वळते, आणि तिथल्या पाण्याखाली बुडालेली झाडं आहेत. अशा बोटीचं सुकाणू अडकलं तर दुसरं काय आहे हाताशी? एक वल्हं तरी?

सगळ्यात राग येतो तो लाल दोरीबद्दल. बाहेर लावायच्या इंजिनाला एक वेटोळ्याची दोरी येते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला बांधायची. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. २०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ एक अख्खं कुटुंब स्पीडबोटीतून बाहेर फेकलं गेलं. दोरी बांधलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्याच अंगावर पुन्हा पुन्हा आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर ही सोय वापरणं सक्तीचं केलं. (भाच्या, हे तुझ्याच देशातलं आहे. मित्राची बोट किती फुटी आहे ते बघ.) आणि आपल्याकडे? मी जलाशयांवर सहलीच्या बोटींत बसलोय. ही दोरी इंजिनालाच कायमची गुंडाळून ठेवलेली पाहिलीय. विचारलं तर उत्तर, "साहेब, मध्ये मध्ये येते."

१९१७ चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा जाऊन २०२१ चा नवा आला. छान झालं. पण बोट तपासायला येणाऱ्या माणसाने कागद आणि जॅकेटं मोजून परत जाऊ नये. प्रवाशांच्या वजनाइतकी पोती भरावीत, बोट पाण्यात न्यावी, सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघावं. मग चालवणाऱ्याला सांगावं, आता समज सुकाणू तुटलं, थांबव बोट. किती सेकंद लागले ते लिहावं आणि तो आकडा बोटीवरच रंगवावा, चढणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा.