पागडी देऊन पोटभाडेकरू

‘विकत घेणे’ हे क्रियापद मराठीतून हळूहळू नाहीसे होत चालले आहे. याची दखल वास्तविक एखाद्या व्याकरणकाराने घ्यायची. ती माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला घ्यावी लागते आहे, हे भाषेचे दुर्दैव. कॉमर्सला आम्हांला १९३० सालचा मालविक्रीचा कायदा होता. बाकीचा कायदा परीक्षेबरोबर आला तसा गेला. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. किंमत घेऊन मालाची मालकी दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे विक्री. मालकी दिली नाही तर ते भाडे असेल, उसनवारी असेल, नाहीतर मेहुण्याने ‘दोन दिवस वापरायला’ नेलेली स्कूटर असेल. पण ती विक्री नव्हे.

संगणकाच्या दुनियेत मात्र किंमत रोख घेतात आणि मालकी स्वतःच्याच घरी ठेवतात. वर आपल्याकडूनच ‘मला हे मान्य आहे’ असे लिहून घेतात. एवढे धैर्य आमच्या बँकेलाही आजवर झालेले नाही!

आधी माझा अधिकार सांगतो. मला संगणकाचा नाद आहे. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी काउंटरवर आणि रविवार स्क्रू-ड्रायव्हरच्या संगतीत. हा नाद दारूपत्त्यांसारखा चारचौघांत सांगण्याजोगा नाही. त्यातून मी संगणकावर गेम खेळतो, म्हणजे पैसेच लावत असणार, असा निम्म्या शाखेचा समज. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, तेव्हा आमच्या शिपायाने चहाचा कप ठेवता ठेवता अत्यंत हळुवार आवाजात विचारले, “साहेब, आता तुमचं कसं व्हायचं?” मी नुसताच खेळतो, पैसे लावत नाही, हे मी त्याला सांगितले. तेव्हापासून तो माझ्याकडे अधिकच काळजीने पाहतो.

तर सांगायचे हे की, घरातला संगणक एके काळी खरोखरच घरातला होता. १९८२ साली इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचे यंत्र बाजारात आणले. सोळा केबीचा नग १२५ पौंडांना, अठ्ठेचाळीस केबीचा १७५ पौंडांना. बटणे रबराची, पडदा म्हणजे घरचाच टीव्ही आणि खेळ यायचा साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून. कॅसेट लावली की ती मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळायची आणि काही मिनिटांनी खेळ हजर. कॅसेट नसेल तर मासिकात छापलेला प्रोग्रॅम पोरे ओळीओळीने टाइप करायची. एक स्वल्पविराम चुकला की सगळे मुसळ केरात! पण शोधायचा तो स्वल्पविराम आपला आपणच, आणि शोधता शोधता पोर प्रोग्रॅम लिहायला शिकून जायचे. ते यंत्र चालू केले की आपल्या आज्ञेची वाट पाहत उभे राही. आजचा संगणक चालू केला की आपण त्याच्या आज्ञेची वाट पाहत बसतो. “बंद करू नका, काम चालू आहे,” असे तो सांगतो आणि आपण लग्नाच्या पंगतीत वाढप्याकडे बघावे तसे त्याच्याकडे बघत राहतो.

आमच्या लहानपणी, म्हणजे नव्वदच्या दशकात, आमच्या वाट्याला स्पेक्ट्रम आला नाही. आला तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या यंत्राची ती कुणीतरी कुठेतरी केलेली नक्कल. तिच्या कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे आणि आत तेच मोजके खेळ नावे बदलबदलून पुन्हा भेटायला येत. शुद्ध बनवाबनवी! पण ती बनवाबनवी माझ्या मालकीची होती. ती मी मित्राला उसनी देऊ शकत होतो, तिच्या बदल्यात दुसरी घेऊ शकत होतो आणि चालली नाही तर तिच्यात फुंकर मारू शकत होतो. ती कॅसेट आजही माळ्यावर आहे आणि आजही चालते. बनवणारा कुठे असेल देव जाणे. त्याचे दुकान बंद पडल्याचे माझ्या कॅसेटला अजून कुणी कळवलेले नाही.

आता आजचा माल पाहा. ‘द क्रू’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ युबिसॉफ्ट कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये विकायला काढला. माणूस एकटाच खेळत असला तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केला आणि जगभरच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या एकाच रात्री कायमच्या उभ्या राहिल्या. तारीखही काय निवडली! ३१ मार्चला आम्ही बँकवाले वर्षाचे हिशेब मिटवतो. या लोकांनी गिऱ्हाईकच मिटवले.

याच्याही आधीची गोष्ट. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर विकलेली जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तके वाचकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याला त्यांचे हक्क नव्हते, असे कारण निघाले. पैसे परत केले, नाही असे नाही. पण त्यांतले एक पुस्तक ‘१९८४’ होते! घराघरांत डोळा लावून बसलेल्या सत्तेची ही कादंबरी. तीच घरात हात घालून उचलून न्यावी, हा विनोद माझ्यासारख्या विनोद लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय आणणारा आहे.

आमच्याकडे कर्ज बुडवणारा इसम असतो. तारण ठेवलेली त्याची मालमत्ता ताब्यात घ्यायची झाली, तर २००२ च्या कायद्याप्रमाणे त्याला आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे ज्याने पैसे दिले नाहीत त्याला साठ दिवस. आणि ज्याने पूर्ण पैसे मोजून पुस्तक घेतले, त्याला सकाळी उठून कळते की पुस्तक गेले. मुंबईत पागडी देऊन खोली घेतलेल्या भाडेकरूचे उदाहरण घ्या. जिना हलत असेल, गच्ची गळत असेल. पण भाडेकायदा त्याच्या पाठीशी उभा आहे. घरमालकाला वाटले म्हणून तो त्याला उठवू शकत नाही. आपण संगणकवाले त्याच्याहूनही खालचे. पागडी पुरेपूर भरलेले आणि हक्क पोटभाडेकरूचेही नसलेले!

हे सारे खेळापुरते असते तर मी शाई खर्च केली नसती. पण आमच्या चिरंजीवांच्या मुंजीत आजीने त्यांच्या हातात पैसे ठेवले. त्यांतून त्याने हौसेने एक खेळ घेतला. दोनेक वर्षांत तो बंद झाला. पोरगा बँकवाल्याचा. रडला नाही. आतून फाइल घेऊन आला आणि म्हणाला, “बाबा, पण आपल्याकडे पावती आहे ना?” पावती होती. तिच्यावर ‘खरेदीबद्दल धन्यवाद’ असेही छापलेले होते. पावती असली की वस्तू आपली, हे त्याला मीच शिकवले आहे. माझ्या बापाने मला शिकवले होते. तीन पिढ्यांचा हा सरळ व्यवहार असा एका बटणासरशी खोटा पडतो, तेव्हा माझे डोके फिरते.

खेळाचे जे, तेच यंत्राचे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतला लागतो. यादीत बसत नसाल तर यंत्र धडधाकट असूनही सेवानिवृत्त. माझा संगणक लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून मी हाताने जोडलेला. तो पाहून एक दुकानदार म्हणाला, “काका, भंगारात द्या. बाजारात नवीन घ्यायची फॅशन आहे.” त्याच्या ‘काका’चा राग यायचा तो आलाच; पण ‘भंगारा’चा जास्त आला. त्या संगणकावर मी आता लिनक्स बसवले आहे. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केलेले हे काम. फुकट मिळते आणि उघडून बघायलाही कुणाची मनाई नाही. भंगार गेले वर्षभर बिनतक्रार चालले आहे.

आता दुसरी बाजू. तुम्ही म्हणाल, जुने यंत्र असुरक्षित असते. कबूल. रोज फसवणुकीच्या तक्रारी ऐकणारा माणूस असुरक्षित यंत्राची वकिली करणार नाही. पण विंडोज १० च्या घरगुती गिऱ्हाइकांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिल्या गेल्या. म्हणजे दुरुस्त्या करता येतात; प्रश्न असतो कुणाला आणि कुठवर द्यायच्या याचा. तुम्ही म्हणाल, सर्व्हर चालवायला खर्च येतो, तो कंपनीने जन्मभर का सोसावा? सोसू नये! माझे म्हणणे एवढेच, की जाताना किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून जावे. हे अशक्य नाही. ‘द क्रू’वरून ओरड झाल्यावर त्याच युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये त्या मालिकेतले पुढचे दोन खेळ सर्व्हरविना चालतील अशी सोय करण्याचे जाहीर केले. आधी न जमणारी गोष्ट ओरडल्यावर जमली. ओरडण्याचे हे महत्त्व आम्हां युनियनवाल्यांना वेगळे सांगायला नको.

आणि लोक ओरडतही आहेत. खेळ असे मारू नका, म्हणून युरोपात सुरू झालेल्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की, फक्त वापराचा परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा. नुसते ‘खरेदी करा’ लिहून गिऱ्हाइकाला फसवू नका. आपल्याकडे गिऱ्हाइकाला देव म्हणायची पद्धत आहे. देवाला काही कळत नाही असे धरून चालण्याचीही आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीन. एक : भाड्याने देत असाल तर बटणावर ‘भाड्याने’ असे लिहा आणि भाड्याइतकेच पैसे घ्या. दोन : दुकान गुंडाळताना विकलेला माल चालू राहील अशी तजवीज करून मगच शटर ओढा. तीन : यंत्र उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि त्यात आपल्या पसंतीची प्रणाली घालण्याचा हक्क ज्याने पैसे दिले त्याचा राहू द्या. सूज्ञ वाचकांनीही एवढे करावे : सर्व्हरशिवाय चालणारा खेळ आधी घ्यावा, चालते यंत्र कुणाच्या सांगण्यावरून भंगारात घालू नये आणि ‘मला हे मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी, जामीन राहताना घेतो तेवढा तरी श्वास घ्यावा.

या मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर दर रविवारी मी संगणकाचे झाकण उघडतो आणि आतली धूळ ब्रशने झटकतो. सौभाग्यवती विचारतात, “दर आठवड्याला काय एवढं त्यात?” मी म्हणतो, “अगं, या यंत्रातली ही एकच गोष्ट अशी आहे, जिच्या मालकीबद्दल अजून कुठल्याही कंपनीने दावा केलेला नाही.”