आर्द्रेचा जोडीदार आणि भंडाऱ्याचा अंधार

भंडारा जिल्ह्यातील धानउत्पादक शेतकऱ्याला आर्द्रा नक्षत्राचे नाव कोणी शिकवावे लागत नाही. रोहिणी बरसल्या की नाहीत, मृगाने हात दिला की दगा, आर्द्रेचे वाहन यंदा बेडूक आहे की म्हैस, यावर पऱ्हे टाकण्याचा आणि रोवणीचा हिशेब मांडला जातो. पाऊस लांबला की नजर माजी मालगुजारी तलावांकडे वळते आणि चर्चा पुन्हा नक्षत्रांवर येऊन थांबते. मात्र ज्या ताऱ्यावरून हे नक्षत्र ओळखले जाते, तो आकाशात कोठे आहे, असे विचारले तर बोट दाखवणारे आज थोडेच निघतील.

यात शेतकऱ्याचा दोष नाही. २१-२२ जूनच्या सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात प्रवेश करतो. त्या दिवसांत हा तारा सूर्याच्याच बाजूला असतो; त्याच्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. म्हणजे आर्द्रेच्या पावसात आर्द्रा कधीच दिसत नाही. ती दिसते धान कापून खळ्यावर आल्यानंतर, हिवाळ्याच्या रात्री. मृगाच्या आकृतीत, तीन ताऱ्यांच्या पट्ट्याच्या उत्तरेला चमकणारा तांबूस तारा म्हणजे आर्द्रा. पाश्चात्त्य खगोलशास्त्रात त्याचे नाव बीटलज्यूज, तर आपल्या खगोलविषयक पुस्तकांत काक्षी. पंचांगातील नक्षत्र आणि आकाशातील तारा यांची अशी ताटातूट झालेली असताना, हाच तारा गेल्या काही वर्षांत जगातील खगोलशास्त्रज्ञांच्या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. कारण आर्द्रा एकटी नाही, तिला एक जोडीदार आहे, असे संशोधन सांगू लागले आहे.

सहा वर्षांचे कोडे

आर्द्रा हा वृद्ध, फुगलेला महाकाय तारा आहे. सूर्याच्या जागी तो ठेवला तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. त्याचे तेज कमी-जास्त होत असते. त्यातील एक चढउतार साधारण ४०० दिवसांचा असून तो ताऱ्याच्या आकुंचन-प्रसरणाने होतो. दुसरा जवळपास सहा वर्षांचा. त्याचे कारण अनेक दशके उमगत नव्हते. त्यातच २०१९ च्या अखेरीस आर्द्रा एवढी मंदावली की तिचा स्फोट होणार, अशा बातम्या जगभर झळकल्या. स्फोट झाला नाही. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आपल्या दृष्टीच्या आड आली होती, असे पुढे दिसून आले.

सहा वर्षांचे कोडे मात्र शिल्लक होते. २०२४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी त्याचे उत्तर मांडले: आर्द्रेभोवती एक लहान तारा फिरत असला पाहिजे. हा जोडीदार डिसेंबर २०२४ च्या सुमारास आर्द्रेपासून सर्वांत दूर दिसेल, असेही गणिताने सांगितले. नासाचे स्टीव्ह हॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील ८.१ मीटर व्यासाच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीतून नेमक्या त्या वेळी पाहणी केली. वातावरणाच्या थरथरीवर मात करण्यासाठी अत्यल्प कालावधीची हजारो छायाचित्रे घेऊन ती गणिताने एकत्र करण्याचे तंत्र त्यांनी वापरले. जुलै २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. गणिताने सांगितलेल्या जागीच एक अंधूक निळसर ठिपका दिसला होता. आर्द्रेपेक्षा तो सुमारे अडीचशे पट मंद आहे. दोघांमधील अंतर किती सूक्ष्म? नागपुरात उभे राहून भंडाऱ्यातील माणसाच्या अंगठ्याच्या नखाची रुंदी मोजण्याइतके.

सप्टेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या जोडीदाराला ‘सिवारहा’ हे नाव दिले. अरबी भाषेत त्याचा अर्थ ‘तिचे कंकण’. जोडीदाराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे दीडपट असावे. दोन्ही तारे एकाच वेळी जन्मले असे मानले, तर एक मोठे वैचित्र्य समोर येते. अवघ्या कोटभर वर्षांच्या वयात आर्द्रा मरणपंथाला लागली आहे, आणि तिच्या जोडीदाराच्या गाभ्यातील हायड्रोजनची भट्टी अजून पेटलेलीसुद्धा नाही. ताऱ्याचे वस्तुमान जितके अधिक तितके आयुष्य कमी, हा ताऱ्यांच्या जगाचा नियम. एवढेच नव्हे, तर हा जोडीदार आर्द्रेच्या विरळ बाह्य वातावरणातूनच फिरत असल्याने त्याची गती हळूहळू मंदावेल आणि साधारण दहा हजार वर्षांत तो आर्द्रेत विलीन होईल, असा अंदाज आहे.

पुरावा किती पक्का?

येथे उत्साहाला थोडा आवर घालायला हवा. जेमिनीच्या निरीक्षणाचे सांख्यिकीय बळ कमी आहे आणि खुद्द संशोधकांनीच ते मान्य केले आहे. एका ठिपक्यावर पूर्ण विश्वास ठेवण्याची विज्ञानाची रीत नाही. मात्र पुरावे एकाच दिशेने येऊ लागले आहेत. आर्द्रेच्या तेजाची लय, जोडीदार दिसण्याची अपेक्षित वेळ आणि दिसलेली जागा यांचा मेळ बसतो. २०२० मध्ये जोडीदार दृष्टीच्या रेषेत असण्याच्या काळात त्याच दुर्बिणीला काही दिसले नव्हते, हेही गणिताशी जुळणारेच. जानेवारी २०२६ मध्ये अँड्रिया ड्युप्री आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या सुमारे आठ वर्षांच्या नोंदींवरून आणखी एक खूण पुढे आणली. वैनगंगेत डोंगा पुढे सरकला की मागे पाण्यात रेघ उमटते. तसा या जोडीदाराच्या मार्गामागे आर्द्रेच्या वातावरणात दाट वायूचा माग उमटतो. पुढची मोठी परीक्षा नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. तेव्हा जोडीदार पुन्हा सर्वाधिक अंतरावर असेल.

आधी गणित आणि मग दर्शन, हा क्रम नवा नाही. मृगाचा पाठलाग करणारा व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. त्याची चाल डळमळीत असल्याचे पाहून बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८४४ मध्ये त्याला अदृश्य जोडीदार असल्याचे सांगितले. तो दुर्बिणीतून दिसला १८६२ मध्ये, अल्व्हन क्लार्क यांना. मध्ये अठरा वर्षे गेली होती, आणि बेसेल ते पाहण्यासाठी हयात नव्हते. उलट उदाहरणही याच आकाशात आहे. रोहिणीच्या ठळक ताऱ्याभोवती गुरूहून मोठा ग्रह असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. २०१९ मधील फेरतपासणीने त्यावर शंका घेतली. दावा करणे आणि तो तपासू देणे, ही या शास्त्राची खरी शिस्त आहे.

पावसाची नक्षत्रे, पाण्याच्या तबकड्या

जोडीदाराचा शोध ही कथेची एक बाजू. दुसरी बाजू आहे ताऱ्यांभोवतीच्या तबकड्यांची. तारा जन्मतो तेव्हा उरलेला वायू आणि धूळ त्याच्याभोवती चपट्या तबकडीच्या रूपाने फिरत राहते आणि तिच्यातूनच ग्रह घडतात. आपली पृथ्वीही अशाच तबकडीतून घडली. हे दीर्घकाळ तर्काने मानले जात होते. आता ते डोळ्यांना दिसू लागले आहे. योगायोग असा की, त्यातील काही महत्त्वाची दृश्ये आपल्या पावसाच्या नक्षत्रांच्या परिसरातच सापडली आहेत.

रोहिणी ज्या वृषभ राशीत आहे, तिच्यात सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर एचएल टॉरी नावाचा बालतारा आहे. (रोहिणीचा तारा त्यामानाने जवळ, ६५ प्रकाशवर्षांवर.) चिलीच्या अटाकामा वाळवंटातील ‘अल्मा’ या ६६ अँटेनांच्या दुर्बिणीने २०१४ मध्ये या बालताऱ्याभोवतीच्या तबकडीचे चित्र टिपले. तिच्यातील गडद-फिकट कडी पाहून शास्त्रज्ञही चकित झाले. दहा लाख वर्षेही वय नसलेल्या ताऱ्याभोवती ग्रह घडण्याच्या खुणा इतक्या लवकर दिसतील, अशी अपेक्षा नव्हती. २०२४ मध्ये याच तबकडीच्या आतल्या भागात पाण्याची वाफ आढळली. तिचे प्रमाण पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या किमान तिप्पट आहे. ज्या रोहिणीकडे आपण पहिल्या सरींसाठी पाहतो, तिच्या दिशेला एवढे पाणी सापडावे, याला योगायोगापलीकडे अर्थ नाही. पण तलावांच्या जिल्ह्याने त्याची दखल घ्यायला हरकत नसावी.

मृगाच्या पट्ट्याखाली धुकट दिसणारा तेजोमेघ ही ताऱ्यांची प्रसूतिशाळाच आहे. तेथील बालताऱ्यांभोवतीच्या तबकड्या हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात दाखवल्या. मृगाच्याच परिसरात, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर, होप्स-३१५ हा अगदी कोवळा तारा आहे. जुलै २०२५ मध्ये जेम्स वेब आणि अल्मा या दुर्बिणींच्या निरीक्षणांतून त्याच्याभोवती तप्त वायूतून पहिले खनिज कण गोठू लागल्याचे दिसले. ग्रहनिर्मितीचा इतका आरंभीचा क्षण यापूर्वी कोणी पाहिला नव्हता.

हाच मृग विदर्भातील गोंड समाज वेगळ्या रूपात पाहतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड गावांमध्ये फिरून त्यांचे आकाशज्ञान नोंदवले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मृगाच्या पट्ट्यातील तारे नांगर म्हणून ओळखले जातात, तर सप्तर्षी म्हणजे खाट. शिकाऱ्याच्या बाणाऐवजी नांगर! शेतीचे आणि ताऱ्यांचे नाते पंचांगाच्या पानात नव्हे, तर उघड्या आकाशात पाहणाऱ्यांची ही स्मृती आहे.

कुरुंदवाडचा धागा

या संशोधनात मराठी मातीचा माणूस अगदी मध्यभागी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ मध्ये जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या चमूने १९९५ मध्ये ग्लीझ २२९ बी या वस्तूचा शोध जाहीर केला. मृगाच्या पायाशी असलेल्या शशक तारकासमूहात, १९ प्रकाशवर्षांवरील एका लाल ताऱ्याची ही सोबतीण. ती तारा होण्यास लहान आणि ग्रह म्हणावे तर मोठी. ‘तपकिरी बटू’ या वर्गाचा तो पहिला निर्विवाद पुरावा ठरला. पण एक गोष्ट खटकत होती. मोजलेल्या वस्तुमानाच्या मानाने ती फारच मंद होती. जवळजवळ तीन दशकांनी, २०२४ मध्ये, उलगडा झाला: ती एक नसून दोन आहेत! गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे दोन बटू एकमेकांभोवती अवघ्या १२ दिवसांत फेरी मारतात. त्याच वर्षी कुलकर्णी यांना शॉ पारितोषिकही मिळाले. आर्द्रा असो, व्याध असो वा ग्लीझ, निष्कर्ष एकच: आपल्याला एकटे वाटणारे तारे पुष्कळदा एकटे नसतात.

भंडाऱ्याने काय करावे?

असे संशोधन हवाई आणि चिलीत होते. त्याच्याशी भंडाऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन प्रकारचे आहे. पहिले म्हणजे या शास्त्राची दारे आता पूर्वीइतकी बंद नाहीत. हबल, जेम्स वेब आणि अल्मा यांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या नासाच्या ‘डिस्क डिटेक्टिव्ह’ उपक्रमात सामान्य स्वयंसेवकांनी संगणकावर चित्रे पाहून ताऱ्यांभोवतीच्या तबकड्या हुडकल्या. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकलेली एक तबकडी त्यांतूनच पुढे आली. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था महाविद्यालयीन प्राध्यापकांना संशोधनासाठी सहयोगी म्हणून जोडून घेते. इंटरनेट आणि एखादा जिज्ञासू शिक्षक एवढ्या भांडवलावर तुमसर किंवा साकोलीतील विद्यार्थी या कामात उतरू शकतो.

दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे, आणि ते अंधाराशी निगडित आहे. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. त्यासाठी अब्जावधींची दुर्बीण लागली नाही. बफर क्षेत्रातील गावांमधले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला, हा त्या कामाचा कणा होता. भंडाऱ्याकडे कोका अभयारण्य आहे, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि तलावांच्या काठची मोकळी क्षितिजे आहेत. म्हणजे पेंचने जे मिळवले त्याचा कच्चा माल येथे आहेच. मात्र महामार्ग, वाढती वस्ती आणि आकाशाकडे तोंड केलेले पांढरे दिवे तो संपवत चालले आहेत. प्रदूषित नदी शुद्ध करायला पिढ्या लागतात. प्रकाशाचे प्रदूषण दिव्याला टोपी घातली की त्याच रात्री कमी होते. अंधार वाचवणे याचा अर्थ गाव काळोखात ठेवणे असा नाही. रस्त्यावर प्रकाश हवाच. तो आकाशात कशाला, एवढाच प्रश्न आहे. जंगलालगतच्या ग्रामपंचायतींनी नवे दिवे बसवताना हा विचार केला तर वेगळा निधीही लागणार नाही.

नोव्हेंबर २०२७ मध्ये जगातील मोठ्या दुर्बिणी पुन्हा आर्द्रेकडे वळतील. तिचा जोडीदार साध्या डोळ्यांना दिसणार नाही. पण आर्द्रा दिसेल. त्या सुमारास येथील धान कापणीला आलेले असेल, आणि रात्री पूर्वेला मृग वर चढत असेल. जिल्ह्यातील शाळांनी त्या एका रात्री मुलांना मैदानात आणून तो तांबूस तारा दाखवावा, आणि ज्याच्या नावाने तुमच्या घरी पावसाचा हिशेब होतो तो हाच, एवढे सांगावे. पुढचे प्रश्न मुले स्वतःच विचारतील. मात्र त्यासाठी त्या रात्री आकाशात तारे दिसण्याइतका अंधार शिल्लक असायला हवा.