‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहावे?

रुग्णालयाच्या संमतिपत्रावर स्वाक्षरीशेजारी ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. नोकरीनिमित्त नाशकात आलेली, विवाह न करता एकत्र राहणारी जोडपी या रकान्यापाशी थबकतात.

दोन सज्ञान व्यक्तींनी असे राहणे हा गुन्हा नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीलाही संरक्षण, निवारा व आर्थिक साहाय्य मागण्याचा हक्क दिला. मात्र दोघेही विवाहास पात्र असावेत, अन्य विवाहबंधनात नसावेत आणि बराच काळ पतिपत्नीप्रमाणे एकत्र राहिलेले असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. पोटगीच्या कलमात अशा स्त्रीचा समावेश व्हावा, हा प्रस्ताव महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये संमत केला होता. तो कायद्यात उतरला नाही.

आता दवाखान्याकडे वळू. रुग्ण सज्ञान व शुद्धीवर असेल, तर संमती त्याची स्वतःचीच लागते. गर्भपातासाठीही सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. प्रश्न उद्भवतो तो रुग्ण बेशुद्ध असताना. तातडीचे प्राणरक्षक उपचार स्वाक्षरीसाठी थांबत नाहीत. परंतु पुढील निर्णयांसाठी आईवडील, भावंडे यांचाच शोध घेतला जातो. वर्षानुवर्षे औषधांच्या वेळा सांभाळणारी व्यक्ती दाराबाहेर राहते. मूत्रपिंड द्यायचे झाले, तरी कायद्याच्या लेखी जोडीदार ‘जवळचा नातेवाईक’ नाही. प्राधिकार समितीची परवानगी घ्यावी लागते.

म्हणून प्रकृती उत्तम असतानाच तीन कागद करून ठेवावेत. पहिला, मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराच्या उपचारांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा. तो साध्या कागदावर सहीनिशी करता येतो. दुसरा, असाध्य अवस्थेत कृत्रिम जीवनाधार कोठवर चालू ठेवावा आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे सांगणारे वैद्यकीय इच्छापत्र. त्यावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन हवे. तिसरा, मृत्युपत्र, कारण जोडीदार आपोआप वारस ठरेलच असे नाही.

या कागदांची एकेक प्रत आपल्या डॉक्टरांकडे द्यावी. शक्य असल्यास आईवडिलांनाही त्यांची कल्पना द्यावी. अतिदक्षता विभागाच्या दारात प्रथमच होणारी ओळख कोणालाच सुखाची नसते.