विश्लेषण : ब्लॉग सुरू करायचाय? आधी बाहेरचा दरवाजा तपासा!

‘टाइपपॅड’ ही २००३ पासून सुरू असलेली अमेरिकी ब्लॉगसेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी कायमची बंद झाली. घोषणा झाली ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे बाडबिस्तरा हलवायला वापरकर्त्यांच्या हाती जेमतेम महिना होता. त्यानंतर ब्लॉग दिसेनासे झालेच, शिवाय जुने लेख उतरवून घेण्याची सोयही संपली. नव्याने ब्लॉग सुरू करणाऱ्यांनी यातून काय धडा घ्यावा?

हे पहिल्यांदाच घडले का?

नाही. याहूने ‘जिओसिटीज’ २००९ मध्ये बंद केले. ट्विटरने २०१२ मध्ये विकत घेतलेली ‘पोस्टरस’ ही ब्लॉगसेवा पुढच्याच वर्षी गुंडाळली गेली. भारतात लोकप्रिय असलेले ‘ऑर्कुट’ही २०१४ मध्ये बंद झाले. सेवा चालवणे परवडेनासे झाले किंवा कंपनीचा रस संपला, की जागा रिकामी करावी लागते, हे भाडेकरूच्या घरासारखेच आहे.

मग फेसबुकवरच लिहिले तर?

वाचक तिथे पटकन मिळतात. पण दोन वर्षांपूर्वीची पोस्ट शोधणे लेखकालाही जड जाते. खाते हॅक झाले किंवा बंद केले गेले, तर सगळे लेखन एका झटक्यात हातातून जाऊ शकते.

पर्याय कोणते?

गुगलचे ‘ब्लॉगर’ मोफत आणि सोपे आहे. स्वतः विकत घेतलेला पत्ता, म्हणजे डोमेन, त्याला वेगळे शुल्क न देता जोडता येतो. ‘वर्डप्रेस’च्या नावात मात्र नवख्यांची गल्लत होते. ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ ही तयार सेवा आहे. तिथे स्वतःचे डोमेन जोडायला सशुल्क योजना घ्यावी लागते. ‘वर्डप्रेस डॉट ऑर्ग’वर मिळते ते मोफत सॉफ्टवेअर, त्यासाठी सर्व्हरवरची जागा भाड्याने घेऊन देखभाल स्वतः करावी लागते. ‘मीडियम’वर आयता वाचकवर्ग असतो, पण मांडणीवर लेखकाचा फारसा ताबा नसतो. ‘सबस्टॅक’वर लेख थेट वाचकांच्या ईमेलवर जातात आणि त्या वाचकांची यादी लेखकाला सोबत नेता येते.

निवड कशी करावी?

रंगरूप नंतर बदलता येते. म्हणून आधी दोन गोष्टी पाहाव्यात. सगळे लेख एकत्र उतरवून घेता येतात का? आणि स्वतःचे डोमेन जोडता येते का? डोमेनला साधारण हजार-दीड हजार रुपये वार्षिक खर्च येतो. ते हाती असेल, तर उद्या सेवा बदलली तरी वाचक जुन्याच पत्त्यावर येतात. मात्र त्याचे नूतनीकरण चुकले, तर ते नाव दुसरे कोणीही घेऊ शकते.

सुरुवात कुठून?

खर्च नको असेल त्याला ‘ब्लॉगर’ पुरेसे आहे. वाचकांशी थेट नाते हवे असेल, तर ‘सबस्टॅक’ बरे. कुठेही लिहिले तरी महिन्यातून एकदा सगळ्या लेखांची प्रत स्वतःकडे उतरवून ठेवावी. अशा प्रतीत अनेकदा छायाचित्रांचे फक्त दुवे असतात. त्यामुळे मूळ छायाचित्रे वेगळी जपावीत. टाइपपॅडच्या शेवटच्या महिन्यात धावपळ झाली ती अशी प्रत हाताशी नसलेल्यांची.