लाटांची वीज आणि तिरोड्याची राख

समुद्राच्या लाटांपासून वीज निर्माण करण्याच्या चर्चेशी गोंदिया जिल्ह्याचा काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि नवेगावबांधचे जंगल यांचा हा मुलूख. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेमार्गाने सुमारे हजार किलोमीटर दूर.

तरीही संबंध आहे. २०१२ ते २०१४ या काळात तिरोडा येथे ६६० मेगावॉटचे पाच औष्णिक संच कार्यान्वित झाले. त्यांना लागणारे पाणी वैनगंगेचे. तयार होणारी वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांनी कोराडी, अकोला असा प्रवास करीत पश्चिमेकडे जाते. राख मात्र जात नाही. महाराष्ट्राच्या विजेचा भार पूर्व विदर्भाने वाहायचा आणि सातशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या किनाऱ्याने केवळ ती वापरायची, ही वाटणी कायमची मानण्याचे कारण नाही.

लाटांच्या विजेचे तंत्र भारताला नवे नाही, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. केरळातील विझिंजम येथे १९९१ साली मद्रास आय.आय.टी.च्या अभियंत्यांनी १५० किलोवॉटचे लहरी-ऊर्जा केंद्र उभारले. काँक्रीटच्या पोकळ पेटीत लाट शिरली की आतील हवा वर रेटली जाते, लाट ओसरली की हवा पुन्हा आत ओढली जाते. हवा कोणत्याही दिशेने वाहो, तिच्यावरचे चक्र एकाच दिशेने फिरत राहते. जगात असे प्रयोग तेव्हा मोजकेच होते. पुढे याच केंद्राच्या विजेवर समुद्राचे पाणी गोडे करण्याचाही प्रयोग झाला. आणि २०११ मध्ये ते बंद पडले.

विझिंजमच्या १५० किलोवॉटपेक्षा तिरोड्याचा एकच संच ४,४०० पट मोठा आहे, हे अर्थातच विसरता येत नाही. क्षार यंत्रे खातात, वादळे बांधकाम फोडतात, खर्च अवाच्या सवा होतो. उद्या लाटा कोळशाची जागा घेतील, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण पश्चिम किनाऱ्यावर लाटांना सर्वाधिक जोर पावसाळ्यात असतो. सौरऊर्जा नेमकी त्याच महिन्यांत मंदावते आणि कोळसाही तेव्हाच ओला होतो. ही जोड मोलाची आहे.

सौर पंख्यांप्रमाणे पवनचक्क्याही आरंभी महागच होत्या, अशी तुलना केली जाते. ती पूर्ण खरी नाही. समुद्र अधिक कठोर आहे. म्हणूनच येथे सातत्य हवे होते, आणि तेच राहिले नाही. २०२२ मध्ये मद्रास आय.आय.टी.ने तुतिकोरिनच्या समुद्रात ‘सिंधुजा-१’ हे यंत्र सोडले, त्याची निर्मिती होती १०० वॉट! एकतीस वर्षांपूर्वी १५० किलोवॉटपर्यंत पोहोचलेल्या देशाला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. २०२५ मध्ये मुंबईतील १०० किलोवॉटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी भारत पेट्रोलियमने करार केला तो एका इस्रायली कंपनीशी. परकीय तंत्र घेण्यात कमीपणा नाही. पण त्या यंत्राची दुरुस्ती आणि पुढची रचना येथील अभियंत्यांच्या हाती येईल, अशी अट करारात असायला हवी. आणि एका पावसाळ्याच्या आकड्यांवर निकाल न देता प्रयोग किमान पाच पावसाळे चालवला पाहिजे.