आठ आठवड्यांचा शास्त्रज्ञ

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सिद्धेश्वरच्या फाट्यावर एक फ्लेक्स लागला. वरच्या अंगाला पाच पुढारी, खाली बारा मित्र, आणि मधोमध पांढऱ्या कोटातलं एक पोरगं. मजकूर असा: अमेरिकेतील विद्यापीठाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत संशोधनासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. किती दिवसांसाठी, हे तेवढं छापायचं राहून गेलं होतं. मी चौकशी केली. आठ आठवडे! आमच्या हळदीला जमिनीत नऊ महिने काढावे लागतात. शास्त्रज्ञ दोन महिन्यांत काढणीला येतो.

पोराच्या बापाला विचारलं, "दादा, नेमकं काय करायलंय पोरगं तिथं?"

"रिसर्च करायलंय."

"कशावर?"

"ते आपल्याला काय कळतंय भाऊ? इंटरनॅशनल हाय."

विषय संपला. 'इंटरनॅशनल' हे परब्रह्म आहे, तिथं वाणी खुंटते. गंमत म्हणजे बारावीनंतर हेच पोरगं 'बीएस्सी करतो, संशोधनात जातो' म्हणालं होतं, तेव्हा हेच दादा 'भीक मागशील' म्हणून अंगावर धावले होते. म्हणजे संशोधन जन्मभर केलं तर भिकेचे डोहाळे, आणि पदरचे पैसे मोजून आठ आठवडे केलं तर कुळाचा उद्धार! असं हे आपलं विज्ञानप्रेम.

पोरावर माझा राग नाही. पोरगं गुणी आहे, एमबीबीएस करतंय. त्याला या जत्रेत ढकललं कुणी, ते बघा. अमेरिकेत डॉक्टरकी करायची तर जी परीक्षा द्यावी लागते, तिचा पहिला टप्पा २०२२ पासून नुसता पास-नापास झाला. गुणांची चढाओढ गेली. मग उमेदवार पारखायचा कशावर? संशोधनावर! तिकडच्या २०२४ च्या आकडेवारीत मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या शाखेत जागा मिळवणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या नावावर सरासरी ३७ 'संशोधनं' आहेत. सदतीस! शोधनिबंध, गोषवारे, पोस्टर, भाषणं, सगळं एकाच टोपलीत मोजलेलं. इतक्या वेळा ज्ञानाच्या सीमा ओलांडायच्या म्हणजे सीमेवर नाका तरी आहे की नाही, अशी शंका येते. त्या टोपलीत आपलीही एक कांडी पडावी म्हणून इकडं सल्लागारांची दुकानं उघडली.

पुढचा विधी ठरलेला. दोनशे प्राध्यापकांना एकच मेल: 'आपल्या कार्यानं मी लहानपणापासून भारावलो आहे.' लहानपणी हा पूर्णेच्या कालव्यात म्हशींसोबत डुंबत होता, मी साक्षीदार आहे. एका मेलात नाव एका प्राध्यापकाचं आणि स्तुती दुसऱ्याची गेली. दोघांनाही फरक पडला नाही, कारण दोघांनीही ती वाचली नाही. शेवटी एक हो म्हणाला. विद्यावेतन शून्य, राहणं-खाणं आपलं, वर 'प्रोग्राम फी'. म्हणजे मजुरानंच मालकाला रोजगार द्यायचा! आमच्या खुरपणाऱ्या बायांना ही योजना सांगून बघा, खुरपं कुठं बसेल ते सांगता येत नाही. जर्मनीचा डाड, कॅनडाचा मायटॅक्स असे निवडून, पैसे देऊन बोलावणारे कार्यक्रमही आहेत. पण तिथं निवड व्हावी लागते. इथं कार्ड स्वाइप व्हावं लागतं.

परत आल्यावर पोराला एकट्याला गाठलं. ते प्रामाणिक, त्यानं सगळं सांगितलं. पहिला आठवडा ओळखपत्र आणि सुरक्षेचं प्रशिक्षण. शेवटचा आठवडा पोस्टर आणि निरोपाचा पिझ्झा. मधल्या काळात नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि पिपेटच्या टिपांचे डबे भरायचे. एका डब्यात ९६ टिपा. विज्ञानात हमाली असतेच, तिला मी हसत नाही. हमालीला संशोधन म्हणून फ्लेक्स लावणाऱ्यांना हसतो.

आणि विषय? बसा आधी. कर्क्युमिन! म्हणजे हळदीतलं पिवळं. ज्या जिल्ह्यात वसमतचा हळदीचा बाजार आहे, त्या जिल्ह्यातलं पोरगं दोन विमानं बदलून हळद बघायला गेलं. तीही बाटलीतली.

या कर्क्युमिनला एक खोड आहे. ते चाचण्यांना चकवतं. स्वतःच चकाकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, आणि पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. २०१७ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक मानवी चाचण्यांचा धांडोळा घेऊन छापलं, की नकली गोळीशी तुलना करणाऱ्या दुहेरी-अंध चाचणीत ते एकदाही यशस्वी ठरलेलं नाही. थोडक्यात, इंटर्नशिपचाच स्वभाव: चमक भारी, अंगी काही लागत नाही.

आता कुणीतरी छाती फुगवून म्हणेल, 'हळद तर आपलीच!' खरं आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रानं हळदीनं जखम भरते याचं पेटंट घेतलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन परिषदेनं, लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्याचा आपण अजून जल्लोष करतो. पण जिंकलो कशावर? 'आमची आजी लावायची' यावर? आजी पुरावा नसते हो! छापील कागद लागला. जुने ग्रंथ दाखवावे लागले, आणि सोबत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंध. इथल्याच डॉक्टरांच्या नियतकालिकात आलेला तो निबंध चव्वेचाळीस वर्षांनी कामी आला.

तसला कागद आज कोण लिहितंय? २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशेब २०१६ मध्ये छापून आलाय. देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांमधून दहा वर्षांत एकही शोधनिबंध निघाला नाही. एकही! उद्या कुणी पुन्हा आपल्या हळदीवर हक्क सांगितला, तर पुरावा म्हणून काय दाखवणार? फाट्यावरचा फ्लेक्स?

उलटा प्रवास बघा. बांगलादेशात गरोदर बायांच्या रक्तात शिसं कुठून येतं, हे शोधायला स्टॅनफर्डची माणसं खेड्यात उतरली. हळदीच्या गिरण्यांपर्यंत गेली. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून पॉलिश करताना तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचाच पिवळा रंग, मिसळत होते. निष्कर्ष छापले, सरकारनं धाडी घातल्या, आणि बाजारातल्या भेसळीच्या हळदीचं प्रमाण २०१९ च्या ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. तिकडचे लोक हळदीचा प्रश्न घेऊन गिरणीत येतात. आमचं पोरगं गिरणीशेजारून उठून टिपांचे डबे भरायला तिकडं जातं. आमच्या पॉलिशच्या ड्रममधून मूठभर हळद कुणी तपासायला नेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

परदेशी जाऊ नये, असं मी म्हणत नाही. १९३३ मध्ये बाई म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नाकारलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, भांडून आत शिरल्या, काम करून दाखवलं, मग केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी आहे हे दाखवलं. चौदा महिन्यांत डॉक्टरेट, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. परत येऊन नीरेच्या आणि डाळींच्या पोषणमूल्यांवर राबल्या. म्हणजे जाताना डोक्यात प्रश्न होता आणि येताना हातात कसब. आपली पोरं जाताना कर्ज नेतात आणि येताना सेल्फी आणतात.

आमच्या हिंगोली जिल्ह्याला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, शंभर जागांचं. त्या शंभरांपैकी एकानं जरी पॉलिशच्या ड्रमपाशी उभं राहून 'यात काय घालता हो?' एवढं विचारलं, तरी ते सदतीस पोस्टरांना भारी पडेल. त्याला व्हिसा लागत नाही.

फ्लेक्सचं काय झालं? यंदा अवकाळी आला तेव्हा दादांनी तो उतरवून वाळत घातलेल्या हळदीवर टाकला. हळद भिजली नाही. त्या इंटर्नशिपनं हळदीसाठी केलेलं एवढंच काम माझ्या डोळ्यांदेखत सिद्ध झालेलं आहे.