प्रसारणानंतरची चर्चा

हवामानाचा अंदाज, किडीचा इशारा, लसीकरणाची तारीख, पीकविम्याची अखेरची मुदत अशी सगळी माहिती आज गावकऱ्याच्या मोबाइलवर येते. तरीही विम्याची मुदत टळते आणि फवारणी दुकानदाराच्या सल्ल्यानेच होते. माहिती मिळाल्यावर माणसे कधी वागणे बदलतात आणि कधी बदलत नाहीत, हा विकाससंवादाचा, म्हणजे ‘डेव्हलपमेंट कम्युनिकेशन’चा, मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर मोजमाप करून शोधण्याचा एक प्रयत्न सुमारे सत्तर वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या खेड्यांत झाला होता.

१९५२ मध्ये देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. सुधारित बियाणे, खते, पशुपालन, आरोग्य यांची माहिती खेड्यापर्यंत नेण्याचे काम ग्रामसेवकाकडे आले. पण एकेका ग्रामसेवकाकडे अनेक गावे असत आणि एका माणसाच्या पायांना मर्यादा होती. साक्षरता कमी असल्याने छापील पत्रकांचाही फारसा उपयोग नव्हता. रेडिओ मात्र एकाच वेळी शेकडो गावांशी बोलू शकत होता. अडचण एवढीच होती की रेडिओ बोलत होता, पण त्याला ऐकू येत नव्हते.

या अडचणीवर कॅनडात एक उपाय सापडला होता. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट ठरावीक दिवशी एकत्र येऊन रेडिओ ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपली मते प्रसारण संस्थेला लिहून कळवत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्या उपक्रमाचे बोधवाक्य होते. भारतातील खेड्यांत ही पद्धत चालेल का, हे पाहण्यासाठी युनेस्कोच्या मदतीने १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर प्रयोग झाला. त्यासाठी तेव्हाच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली.

प्रयोगाची रचना साधी होती. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रोतामंडळ स्थापन झाले. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्या विषयावर बोलायचे, असा नियम होता. मंडळाचा निमंत्रक चर्चेतील मुद्दे आणि प्रश्न लिहून पुण्याला पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे दिली जात. फीडबॅक, म्हणजे श्रोत्यांचा उलट प्रतिसाद, हा या रचनेचा अर्धा भाग होता.

परिणाम मोजण्याचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याचे नेतृत्व समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांच्याकडे होते. त्यांनी मंडळ असलेल्या गावांची तुलना आणखी दोन प्रकारच्या गावांशी केली. पहिल्या प्रकारच्या गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. दुसऱ्या प्रकारच्या गावांत रेडिओही नव्हता. तुलनेसाठी निवडलेल्या अशा गटाला संशोधक ‘कंट्रोल ग्रुप’ म्हणतात. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर लोकांच्या मुलाखती घेऊन त्यांचे ज्ञान किती वाढले, हे तपासले गेले.

निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढले. मंडळ नसलेल्या गावांत रेडिओ असूनही ते थोडेच वाढले. शिवाय काही मंडळे चर्चेवरच थांबली नाहीत. कुठे विहिरी खोदल्या गेल्या, कुठे जातिवंत वळू आणि सुधारित जातीच्या कोंबड्या विकत घेतल्या गेल्या, तर कुठे बालवाडी सुरू झाली.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ऐकणे ही एकट्याची कृती असली, तरी खेड्यातले बरेच निर्णय एकट्याचे नसतात. वळू घ्यायचा तर वर्गणी काढावी लागते, विहिरीसाठी जागा ठरवावी लागते. नव्या बियाण्याचा प्रयोग फसला तर वर्ष वाया जाते, म्हणून शेजारी काय करतो याकडे लक्ष असते. चर्चेत शंका उघडपणे मांडली जाते, ज्याला अनुभव आहे तो बोलतो आणि चारचौघांत झालेला निर्णय सहसा मोडला जात नाही. प्रश्नांमुळे कार्यक्रम करणाऱ्यांनाही आपले बोलणे कुठे कळत नाही, याचा पत्ता लागतो.

या प्रयोगाच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. तो अवघे दहा आठवडे चालला आणि अधिकाऱ्यांचे त्याच्यावर बारीक लक्ष होते. ज्ञानाची तपासणी कार्यक्रम संपल्यावर लगेच झाली. ते ज्ञान चार वर्षांनी किती उरले, हे त्यातून कळत नाही. पण माध्यम तेच असताना केवळ चर्चेच्या जोडीने फरक पडतो, एवढे त्यातून निश्चित दिसले.

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली आणि मंडळांची संख्या हजारोंवर गेली. मंडळे स्थापन करण्याचे लक्ष्य गाठणे सोपे होते. प्रत्येक मंडळाचा अहवाल वाचणे, त्यातील प्रश्नांना उत्तर देणे आणि बंद पडलेला रेडिओ दुरुस्त करणे हे काम चिकाटीचे होते. पुण्याच्या प्रयोगात जो पाठपुरावा झाला, तो या विस्तारात टिकला नाही. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाला, रेडिओ घरोघरी आला आणि एकत्र बसून ऐकण्याची सवयही सैल झाली.

दूरचित्रवाणीच्या बाबतीतही हाच धडा मिळाला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताने अमेरिकेच्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग तांत्रिकदृष्ट्या मोठे यश होते. मात्र दूरवर तयार झालेल्या कार्यक्रमात प्रत्येक गावाचा प्रश्न मावत नव्हता. त्याच सुमारास गुजरातमधील खेडा जिल्ह्यात पीज येथील छोट्या प्रक्षेपकावरून स्थानिक बोलीत कार्यक्रम सुरू झाले. मजुरी, जातिभेद, सावकारी हे तिथल्या लोकांचे विषय त्यांच्यासह पडद्यावर आले. १९८४ मध्ये या उपक्रमाला युनेस्कोचा ग्रामीण संवादाचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी तो थांबला.

स्थानिक प्रसारणाची वाट पुढे रेडिओत मोकळी झाली. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांनीच चालवलेले छोटे केंद्र, काढण्याची मुभा मिळाली. अशा केंद्राचा आवाज साधारण दहा-बारा किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून तयार करणे बंधनकारक असते. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथे २००८ पासून चालणारे ‘माणदेशी तरंग’ हे असेच केंद्र आहे. मात्र या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. गावातल्या प्रश्नांवर ती चर्चा घडवू शकतात, पण त्यांच्या बातम्या स्वतः देऊ शकत नाहीत.

आता साधन बदलून मोबाइल झाले आहे. तंत्राच्या दृष्टीने ते रेडिओपेक्षा फार पुढे आहे, कारण त्यावर उत्तर देता येते. २००४ पासून सुरू असलेल्या किसान कॉल सेंटरवर शेतकरी प्रश्न विचारू शकतो, ही सोय मोलाची आहे. तरी त्यात शेतकरी एकटाच असतो. सरकारी खात्यांच्या अनेक व्हॉट्सॲप समूहांत तर फक्त ‘ॲडमिन’, म्हणजे समूह चालवणारा, लिहू शकतो. उलट बोलण्याची सोय हाताशी असताना ती बंद ठेवली, तर १९५६ पूर्वीचा एकतर्फी रेडिओच पुन्हा हाती येतो.

किती संदेश पाठवले आणि ते किती लोकांपर्यंत पोहोचले, हे आकडे सहज मिळतात. म्हणून अहवालांत तेच असतात. आलेल्या किती प्रश्नांना उत्तर दिले आणि किती गावांनी एकत्र बसून काही ठरवले, हे मोजायला कष्ट पडतात, पण यश त्यावरूनच ठरायला हवे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. ग्रामसभा, बचत गट, अंगणवाडी यांच्या बैठका आधीपासून आहेत. जनजागृतीच्या प्रत्येक मोहिमेच्या खर्चात अशा चर्चेसाठी, ती चालवणाऱ्या स्थानिक माणसाच्या मानधनासाठी आणि प्रश्नांना ठरावीक मुदतीत उत्तर देण्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी. ही तरतूद नसलेल्या मोहिमेला प्रचार म्हणावे, विकाससंवाद म्हणू नये.